‘फायनल फाइट’ घरी आला तेव्हा : वाचकांचे प्रश्न

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९८९ सालच्या ‘फायनल फाइट’ या आर्केड, म्हणजे पार्लरमधल्या यंत्रात नाणी टाकून खेळायच्या, खेळाच्या घरगुती आवृत्त्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी अशी : मेट्रो सिटी या काल्पनिक शहराचा महापौर माइक हॅगर हा पूर्वीचा कुस्तीगीर असून ‘मॅड गिअर’ टोळीने त्याच्या मुलीला, जेसिकाला, पळवून नेले आहे. हॅगर, तिचा प्रियकर कोडी आणि त्याचा मित्र गाय या तिघांपैकी एकाला निवडून खेळाडूने वस्ती, भुयारी रेल्वे, वेस्ट साइड, कारखान्यांचा परिसर, खाडीकिनारा आणि उच्चभ्रू भाग असे सहा टप्पे मारामारी करत पार करायचे असतात.

सप्रेम नमस्कार. माझ्या संग्रहात ‘फायनल फाइट’च्या सुपर निन्टेन्डो आणि सेगा मेगा सीडी या घरगुती यंत्रांवरच्या दोन्ही आवृत्त्या आहेत. रंग आणि चित्रे पाहिली तर मला सुपर निन्टेन्डोची आवृत्ती मूळ खेळाच्या अधिक जवळची वाटते. परंतु जाणकार मंडळी नेहमी मेगा सीडीचेच नाव घेतात. यात बरोबर कोण? — एक वाचक, कोल्हापूर

आपल्या डोळ्यांना जे दिसते ते खरेच आहे, आणि तरीही जाणकारांचे मत अधिक योग्य आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजण्यासाठी मूळ यंत्रापासून सुरुवात करावी लागेल.

आर्केडमधला ‘फायनल फाइट’ कॅपकॉमच्या सीपीएस-१ या बोर्डावर चालत असे. त्याचे चित्र ३८४ बाय २२४ बिंदूंचे होते आणि पात्रे, पार्श्वभूमी व इतर सामग्री मिळून केवळ चित्रांसाठी त्यात २ मेगाबाइट इतकी रॉम, म्हणजे कायमची स्मृती, खर्ची पडली होती. सुपर निन्टेन्डो जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या नावाने नोव्हेंबर १९९० मध्ये बाजारात आला आणि लगेच पुढच्या महिन्यात कॅपकॉमने त्यावर हा खेळ आणला. ज्या कार्ट्रिजवर, म्हणजे आपल्याकडे जिला सर्रास कॅसेट म्हटले जाई तिच्यावर, तो आला तिची क्षमता ८ मेगाबिट, म्हणजे १ मेगाबाइट होती, आणि एवढ्या जागेत चित्रे, संगीत व प्रोग्राम असे सगळेच बसवायचे होते. नव्या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्राच्या, पहिल्याच महिन्यांतले हे काम असल्यामुळे काहीतरी सोडून देणे भागच होते. त्यांनी गायला वगळले, कारखान्यांचा संपूर्ण टप्पा आणि त्याच्या शेवटी लिफ्टवर भेटणारा रोलेन्टो वगळला, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दोघांनी मिळून खेळण्याची सोय वगळली.

परंतु जागेच्या टंचाईशी संबंध नसलेली आणखी एक उणीव या आवृत्तीत आहे, आणि माझ्या मते खेळाचा स्वभाव तिनेच बदलला. सुपर निन्टेन्डोवर एका वेळी तीनच शत्रू समोर येतात, तर आर्केडमध्ये हाच आकडा कित्येकदा अर्ध्या डझनाच्या पुढे जातो. या मर्यादेचे एक मोठे कारण कन्सोलच्या चित्रपद्धतीत सापडते. हलणारी पात्रे स्प्राइट नावाच्या छोट्या तुकड्यांनी बनतात आणि सुपर निन्टेन्डो पडद्याच्या एका आडव्या ओळीवर ८ बिंदू रुंदीचे जास्तीत जास्त ३४ तुकडे, म्हणजे २७२ बिंदू इतकेच स्प्राइट काढू शकतो. विमानांच्या किंवा उड्या मारण्याच्या खेळात पात्रे पडद्यावर वर-खाली विखुरलेली असतात, त्यामुळे ही मर्यादा फारशी जाणवत नाही. मारामारीच्या खेळात मात्र सगळेच जण एकाच रस्त्यावर, जवळजवळ एकाच पातळीवर उभे असतात. हात पसरलेला हॅगर आणि त्याच्यासमोर तीन धिप्पाड गुंड उभे केले की त्या ओळीवरचा कोटा जवळपास संपतो. त्याहून अधिक माणसे आणली तर कुणाचा ना कुणाचा भाग चमकू लागतो किंवा दिसेनासा होतो. पात्रे मोठी ठेवायची की गर्दी राखायची, अशी निवड कॅपकॉमसमोर होती आणि त्यांनी मोठी पात्रे निवडली. दुकानातल्या टीव्हीवर तीच नजरेत भरणारी होती, हे मान्य करावे लागेल.

आता या निवडीचा खेळावर काय परिणाम झाला ते पाहा. कबड्डीत चढाई करणाऱ्यासमोर सातऐवजी तीनच गडी ठेवले तर नियम तेच राहतील, मैदानही तेच राहील, पण चढाईचा कस मात्र राहणार नाही. ‘फायनल फाइट’मध्ये ठोसा मारणे ही सर्वांत सोपी गोष्ट आहे, खरे कौशल्य आहे ते पाठ मोकळी न सोडण्याचे, पाच-सहा जणांना हळूहळू एकाच बाजूला आणण्याचे आणि एकाला पकडून उरलेल्यांच्या अंगावर भिरकावण्याचे. हॅगरने फेकलेला माणूस वाटेतल्या साऱ्यांना घेऊन आडवा होतो, तेव्हा त्या फेकीला अर्थ येतो. वाटेत एकच जण असेल तर ती फेक आणि साधा ठोसा यांत निवड करण्याजोगे फारसे काही उरत नाही. चहूबाजूंनी घेरले गेल्यावर स्वतःची थोडी शक्ती खर्चून मारायचा जो फिरता हल्ला आहे, त्याचेही तसेच. घेरावच पडत नसेल तर तो फटका बाळगायचा कशासाठी?

१९९३ साली सेगाने मेगा सीडीसाठी केलेली आवृत्ती नेमकी इथे सरस ठरते. तिच्यात तिन्ही नायक आहेत, कारखान्यांचा टप्पा आहे, दोघांना एकत्र खेळता येते आणि शत्रूंची गर्दी आर्केडइतकी नसली तरी सुपर निन्टेन्डोपेक्षा निश्चितच दाट आहे. तबकडीवर जागेचा प्रश्न नव्हता आणि यंत्राच्या अंतर्गत स्मृतीत फक्त चालू टप्प्याला लागणारी चित्रेच उतरवायची असल्यामुळे तिथेही निभावून नेता आले. त्याची किंमत म्हणजे टप्प्यांच्या मध्ये येणारी प्रतीक्षा. संगीत नव्याने वाजवून थेट सीडीवर ध्वनिमुद्रित केलेले आहे आणि ते अतिशय जोमदार आहे. सुरुवातीच्या प्रसंगातला आवाजी अभिनय मात्र कच्चा आहे. याशिवाय ठरावीक वेळेत जास्तीत जास्त शत्रू लोळवण्याचा, मूळ खेळात नसलेला एक वेगळा प्रकारही तिच्यात आहे, आणि एकट्याने सराव करणाऱ्यासाठी तो फार उपयुक्त आहे.

आपल्याला खटकलेले रंग हा या आवृत्तीचा खरा दोष आहे. मेगा सीडी हे मेगा ड्राइव्ह या सेगाच्याच कन्सोलला जोडायचे उपकरण होते आणि पडद्यावरचे चित्र शेवटी मेगा ड्राइव्हच काढत असे. ५१२ छटांमधून निवडलेले, प्रत्येकी सोळा रंगांचे चारच संच त्याला एका वेळी वापरता येतात, आणि तेच पार्श्वभूमीला आणि पात्रांनाही पुरवावे लागतात. सुपर निन्टेन्डोकडे ३२,७६८ छटांमधून निवडलेले, केवळ पात्रांसाठी राखलेले आठ वेगळे संच होते. म्हणून मेगा सीडीवरचे मेट्रो सिटी अधिक काळवंडलेले दिसते आणि माणसांच्या त्वचेचे रंग मळकट वाटतात. स्थिर चित्र शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर सुपर निन्टेन्डोच जिंकेल. नियंत्रक हातात घेऊन मित्राबरोबर भुयारी रेल्वेच्या डब्यात शिरल्यावर मात्र निकाल फिरतो, आणि माझ्या दृष्टीने तोच निकाल महत्त्वाचा आहे.

शार्प एक्स-६८००० या जपानी घरगुती संगणकावर १९९२ साली आलेली आवृत्ती या दोन्हींपेक्षा मूळ खेळाच्या अधिक जवळची होती, कारण त्या संगणकाचा मुख्य प्रोसेसर आणि संगीताची चिप सीपीएस-१मधल्याच जातीची होती. परंतु तो कन्सोल नव्हता आणि जपानबाहेर फारसा पोहोचलाही नाही, म्हणून येथे केवळ उल्लेख करतो.

‘फायनल फाइट गाय’ नावाची एक वेगळी कॅसेट असल्याचे वाचले. ती पहिल्या आवृत्तीतील सर्व उणिवा भरून काढते का? — एक वाचक, अमरावती

नाही. १९९२ साली जपानमध्ये निघालेल्या या कार्ट्रिजमध्ये गाय परत आला, पण त्याला जागा देण्यासाठी कोडीला काढून टाकण्यात आले. दोघांचा खेळ आणि कारखान्यांचा टप्पा याही वेळी नव्हताच. अमेरिकेत ती १९९४ मध्ये ब्लॉकबस्टर या भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानसाखळीतूनच मिळत होती, त्यामुळे तिच्या प्रती दुर्मीळ झाल्या आणि दुर्मीळतेमुळे तिचा लौकिक तिच्या गुणांपेक्षा वाढला. गाय हे आपले आवडते पात्र असेल तरच तिच्यावर पैसे खर्च करावेत, असे मी स्पष्ट सांगेन.

अमेरिकन सुपर निन्टेन्डो आवृत्तीत काही शत्रूंची नावे आणि रूपे वेगळी आहेत. हे बदल कोणत्या कारणाने झाले, आणि त्यांनी खेळात काही फरक पडतो का? — एक वाचिका, नाशिक

आर्केडमध्ये पॉयझन आणि रॉक्सी या कोलांट्या मारत अंगावर येणाऱ्या दोन स्त्री-शत्रू आहेत. अमेरिकन सुपर निन्टेन्डो आवृत्तीत त्यांच्या जागी बिली आणि सिड हे दोन तरुण आले. हालचाली त्याच ठेवून फक्त चित्रे बदलली. पहिल्या टप्प्याचा म्होरक्या डॅम्ड हा थ्रॅशर झाला आणि भुयारी रेल्वेतला सॉडम हा कटाना झाला, कारण पहिले नाव शिवीसारखे आणि दुसरे बायबलमधल्या पापनगरीचे होते. मोटार फोडण्याच्या बक्षीस-फेरीनंतर तिचा मालक मूळ खेळात ‘ओ माय गॉड’ म्हणून रडतो, त्याचे ‘ओ माय कार’ झाले. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेचे त्या वर्षांतले नियम रक्त, धर्म आणि लैंगिक सूचकता यांबाबत अतिशय कडक होते आणि मुलांच्या हातात जाणाऱ्या खेळात पुरुष नायकाने स्त्रीला मारलेले चालणार नाही, हा विचारही त्यामागे होता. मेगा सीडीच्या पाश्चात्त्य आवृत्तीत पॉयझन व रॉक्सी राहिल्या, फक्त त्यांना अधिक कपडे देण्यात आले.

खेळण्याच्या दृष्टीने फरक शून्य आहे. व्यक्तिरेखांच्या दृष्टीने मात्र मला हे नुकसान वाटते, कारण मॅड गिअरच्या सगळ्या टोळीत प्रेक्षकांच्या सर्वाधिक लक्षात राहिली ती पॉयझनच. पुढे तिला ‘स्ट्रीट फायटर’ या कॅपकॉमच्याच दुसऱ्या खेळमालिकेच्या विश्वात स्थान मिळाले आणि २०१२च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’मध्ये ती खेळता येण्याजोगी पात्र झाली. मूळ खेळाच्या खलनायकांपैकी इतके दीर्घ आयुष्य फारच थोड्यांना लाभले. बिली आणि सिड यांना असे काही लाभले नाही.

माझ्या मुलाला जुन्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सची गोडी लागली आहे. त्यावरचा ‘फायनल फाइट वन’ घ्यावा का? तसेच आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे जे स्वस्त गेम मिळत, त्यांवर हा खेळ कधी आला होता का? — एक वाचक, पुणे

‘फायनल फाइट वन’ अवश्य घ्या. २००१ साली आलेल्या या आवृत्तीचा सांगाडा सुपर निन्टेन्डोचाच आहे, परंतु तिथे गमावलेले जवळपास सारे तिने परत मिळवले : तिन्ही नायक, कारखान्यांचा टप्पा, रोलेन्टो आणि लिंक केबलने दोन गेम बॉय जोडून दोघांचा खेळ. लोळवलेल्या शत्रूंची मोजणी खेळ साठवून ठेवतो आणि ती पुरेशी झाली की ‘स्ट्रीट फायटर अल्फा ३’मधल्या रूपातले कोडी आणि गाय खुले होतात. लहान मुलाला पुन्हा पुन्हा खेळायला लावणारी ही गोष्ट आहे. म्होरक्यांशी लढण्यापूर्वी छोटे संवादही घातले आहेत.

एका अडचणीची कल्पना मात्र असू द्या. गेम बॉयचा पडदा २४० बाय १६० बिंदूंचा आहे आणि पात्रे सुपर निन्टेन्डोच्या मापाची आहेत. त्यामुळे रस्त्याचा जो भाग नजरेत असायला हवा तो कमी दिसतो आणि कडेबाहेरून येणारा धावता हल्ला उशिरा लक्षात येतो. शिवाय त्या यंत्राच्या पहिल्या रूपात पडद्याला स्वतःचा प्रकाश नव्हता. मुलाकडे ते असेल तर त्याला चांगल्या उजेडात बसवा.

टीव्हीला जोडायच्या स्वस्त खेळण्यांविषयी : आपल्याकडे विकली जाणारी त्यांतली बहुतेक यंत्रे निन्टेन्डोच्या आठ-बिट फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्या यंत्रासाठी कॅपकॉमने मूळ खेळाची थेट नक्कल न करता १९९३ साली ‘मायटी फायनल फाइट’ हा स्वतंत्र खेळ बनवला. मोठ्या डोक्याची बुटकी पात्रे, तिन्ही नायक, पाच टप्पे आणि मारामारीतून अनुभव मिळवून नायकाची ताकद वाढवण्याची सोय असे त्याचे रूप आहे. तो एकट्यानेच खेळायचा आहे. यंत्राला न पेलणारी गर्दी ओढूनताणून आणण्यापेक्षा पात्रेच लहान केली आणि लढाईची रचना त्या मापाने नव्याने बांधली, हा निर्णय मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. घरगुती आवृत्ती म्हणून नव्हे, पण एक खेळ म्हणून तो सुपर निन्टेन्डोच्या पहिल्या आवृत्तीपेक्षा अधिक पूर्ण आहे.

आमच्या गावच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ हाच राजा होता. त्याच कंपनीचा खेळ असूनही तो कोणत्याही कन्सोलवर सापडत नाही. असे का? — एक वाचक, सोलापूर

महाराष्ट्रातल्या आणि एकूण भारतातल्या एका पिढीला या प्रकारचा खेळ माहीत झाला तो याच नावाने. मूळ नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पिवळी टोपी घातलेल्या मुस्तफावरून आपल्याकडे सगळा खेळच ओळखला जाऊ लागला. १९९३ सालचा हा खेळ ‘फायनल फाइट’चा थेट वारसदार आहे. त्याचा बोर्ड सीपीएस-१चीच सुधारित आवृत्ती असून ध्वनीची व्यवस्था नवी होती, आणि एकाच वेळी तिघांना खेळता येत असे.

आपले निरीक्षण बरोबर आहे. या आर्केड खेळाची अधिकृत कन्सोल आवृत्ती निघालीच नाही. मेगा सीडीवर १९९४ साली त्याच कथाविश्वाचा एक खेळ आला होता, पण तो गाडी चालवत गोळ्या झाडण्याचा वेगळाच प्रकार होता. मुख्य अडचण हक्कांची आहे. जॅक, हॅना, मुस्तफा ही मंडळी मार्क शुल्ट्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथेतून आलेल्या विश्वातली आहेत, कॅपकॉमची स्वतःची नाहीत. हॅगर-कोडीचा खेळ कंपनी मनात येईल तेव्हा नव्याने काढू शकते. हा खेळ काढायचा तर दर वेळी हक्कदारांशी करार करावा लागेल.

अशी कोंडी कधीच सुटत नाही, असे मात्र नाही. कॅपकॉमचाच १९९३ सालचा ‘द पनिशर’ हा मार्व्हलच्या पात्रांवरचा खेळ असाच अडकून होता. मेगा ड्राइव्हवर त्याची घरगुती आवृत्ती निघाली होती, पण तिच्यात शत्रू कमी करून आणि चित्रे खालावून खेळाचा जीवच घेतला होता. मूळ आर्केड रूपातला पनिशर २०२४ साली कॅपकॉमच्या मार्व्हल संग्रहातून नव्या कन्सोलवर व्यवस्थित आला. मुस्तफाच्या वाट्यालाही असा करार यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ज्या देशात हा खेळ इतक्या प्रेमाने खेळला गेला तिथे तो आज रीतसर विकत घेण्याचा मार्ग नसावा, ही चांगली स्थिती नाही.

आज ज्याला ‘फायनल फाइट’ पहिल्यांदा खेळायचा आहे, त्याने कोणती आवृत्ती घ्यावी? जुनी यंत्रे जमवण्याची माझी तयारी नाही. — एक वाचिका, म्हापसा

जुन्या यंत्रांची गरजच उरलेली नाही, कारण आताची यंत्रे मूळ आर्केड खेळच हुबेहूब चालवू शकतात. २०१८ साली आलेला ‘कॅपकॉम बीट एम अप बंडल’ हा संग्रह स्विच, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर असून त्यात ‘फायनल फाइट’बरोबर ‘कॅप्टन कमांडो’, ‘नाइट्स ऑफ द राउंड’, ‘द किंग ऑफ ड्रॅगन्स’ आणि ‘वॉरिअर्स ऑफ फेट’ यांच्यासह एकूण सात खेळ आहेत. दूर राहणाऱ्या मित्राबरोबर इंटरनेटवरून खेळण्याची सोयही त्यात आहे. २०२१च्या ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’मध्येही हा खेळ मिळतो आणि तिथे चुकल्यावर थोडे मागे जाता येते, खेळाचा वेगही कमी-जास्त करता येतो. नवख्या व्यक्तीला सराव करण्यासाठी मी हा दुसरा पर्याय सुचवेन.

जुने संग्रह निवडताना थोडी काळजी घ्यावी. २००६च्या ‘फायनल फाइट : स्ट्रीटवाइज’मध्ये बक्षीस म्हणून मूळ खेळ दिला आहे, पण तो इतक्या निष्काळजीपणे चालवलेला आहे की त्यावरून मत बनवू नये. २०१०च्या ‘डबल इम्पॅक्ट’चे काम उत्तम आहे, मात्र तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांच्या काळातला आहे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आताच्या सर्व संग्रहांत आपल्याला नाणी अमर्याद मिळतात आणि मेल्यावर बटण दाबून लगेच उठता येते. पहिल्या दोन टप्प्यांपुरते तरी ते बटण दाबू नका. सॉडमशी होणारी लढत एकाच नाण्यात जिंकता येईपर्यंत पुन्हा सुरुवात करत राहा, आणि शक्यतो शेजारी दुसरा नियंत्रक हातात घेऊन कुणीतरी बसलेले असू द्या. तुम्ही दोघे डब्यातल्या गर्दीच्या दोन बाजूंना उभे राहून माणसे एकमेकांकडे फेकू लागलात, की सुपर निन्टेन्डोच्या पहिल्या मालकांना काय मिळाले नव्हते हे तुमच्या लक्षात येईल.